एफडी मोडून गाडी खाली बसवावी का?

इंदूरच्या सुदामा नगरातून एका वाचकाने पत्र पाठवले आहे. वय 28, पीथमपूरच्या एका कारखान्यात नोकरी, हातात पडणारा पगार 52,000 रुपये आणि एक हॅचबॅक, जिच्या कर्जाचे 9,800 रुपयांचे 31 हप्ते अजून बाकी आहेत. रविवारी सकाळी सुपर कॉरिडॉरवर मित्रांच्या गाड्या उभ्या राहतात, तशीच आपलीही गाडी जमिनीला टेकल्यासारखी खाली बसवावी आणि चाके वरून आत झुकवून घ्यावीत, अशी त्यांची इच्छा आहे. कोटेशन 1,56,000 रुपयांचे आहे. यासाठी 2,00,000 रुपयांची एफडी मोडावी की वैयक्तिक कर्ज घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

आपण कोटेशनचे छायाचित्रही जोडलेत हे बरे केलेत. कॉइलओव्हर म्हणजे गाडी खाली आणणारे स्प्रिंग-शॉकर 78,000, चाके झुकवणाऱ्या कॅम्बर प्लेट आणि मागील शिम बसवणावळीसह 18,000, रुंद रिम 36,000, चार टायर 30,000, आणि जुन्या सस्पेन्शनचे 6,000 वजा. मात्र खरा खर्च या कागदावर नाही, म्हणून एफडी की कर्ज या प्रश्नाकडे मी थोड्या वेळाने येतो.

चाक वरच्या बाजूने आत कलले म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर. तो मुळात वाईट नव्हे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते, तेव्हा आधीच थोडे आत कललेले बाहेरचे चाक रस्त्यावर सपाट टेकते, म्हणून शर्यतीच्या गाड्यांना तीन अंशांच्या आसपास कॅम्बर देतात. घरगुती गाडीत तो साधारणपणे एका अंशाच्या आतच असतो. आपल्याला हवे आहेत सात अंश, आणि ते केवळ दिसण्यासाठी. तेवढ्या कलावर सरळ रस्त्याने जाताना टायरची जवळजवळ फक्त आतली कड जमिनीला लागते. ब्रेक दाबल्यावर पकड मिळते ती त्या पट्टीपुरती, आणि झीज होते तीही तिथेच.

अशी एक गाडी मी अलाइनमेंटच्या दुकानात जवळून पाहिली आहे. टायरच्या बाहेरच्या बाजूला कारखान्यातून येतात ते रबराचे बारीक केस अजून शाबूत होते. आतल्या कडेवरून बोट फिरवले तर तारा टोचल्या. समोरून पाहणाऱ्याला तो टायर नवाच वाटला असता.

आता आपला हिशेब मांडू. पीथमपूरला जाऊन-येऊन रोज 60 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे वर्षाला 18,000 किलोमीटर. सरळ चाकांवर टायरचा संच 40,000 किलोमीटर चालला, तर वर्षाचा खर्च 13,500 रुपये पडतो. सात अंशांवर तोच संच 9,000 किलोमीटरांत संपेल असे मी धरतो, म्हणजे वर्षाला दोन संच आणि 60,000 रुपये. फरक 46,500 रुपयांचा, महिन्याला सुमारे 3,900. काही जण टायर काढून रिमवर उलटा चढवतात आणि दुसरी कड वापरतात. पण ज्या टायरवर बाहेरची बाजू कोणती हे कोरलेले असते, त्याला ती युक्ती चालत नाही. व्हील बेअरिंग, लोअर आर्मचे बॉल जॉइंट आणि ड्राइव्ह शाफ्ट यांच्यावर वाढणारा ताण मी या आकड्यात धरलेलाच नाही.

उंचीचेही पाहा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार स्पीड ब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. आपल्या गल्लीतले ब्रेकर कसे आहेत ते मी सांगायला नको. साधारण 165 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची गाडी 50 मिलिमीटर खाली आणली आणि तीत चौघे बसले, की चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, घासणार. दर महिन्याला आई-वडिलांना उज्जैनला नेता असे आपण लिहिले आहे आणि आईच्या गुडघ्यांचाही उल्लेख केला आहे. त्यांच्यासाठी वेगळी टॅक्सी करावी लागली, तर तो खर्चही याच खात्यात लिहावा लागेल.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत बदल मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात आडवा येतो. झीज आणि यांत्रिक बिघाड तर साध्या पॉलिसीत मुळीच धरलेले नसतात. शिवाय आरसीवर अजून बँकेचे नाव आहे. गाडी तारण असताना तिच्यात असा बदल करण्यापूर्वी कर्जाच्या करारातील अटी वाचाव्यात.

आता आपला मूळ प्रश्न. हप्ता धरून आपला मासिक खर्च 38,000 रुपये आहे आणि 14,000 उरतात. सहा महिन्यांच्या खर्चासाठी 2,28,000 रुपये बाजूला हवेत, म्हणजे आजची एफडीसुद्धा 28,000 रुपयांनी कमीच आहे. ती मोडली तर मुदतपूर्व व्याजकपात सोसून हाती 44,000 राहतील, सव्वा महिन्याच्या खर्चापेक्षाही कमी, आणि पुढच्या वर्षी लग्नाचा विचार आहे असे आपणच लिहिता. कर्ज घेतले, तर 14 टक्के दराने तीन वर्षांसाठी हप्ता सुमारे 5,330 रुपये बसेल आणि जवळपास 36,000 रुपये व्याजात जातील. हप्ता आणि टायरचा वाढीव खर्च वजा जाता 14,000 पैकी 4,800 च्या आसपास उरतील. विकताना यातला रुपयाही परत येईल असे धरू नका; घेणारा गाडी मूळ स्थितीत मागतो.

म्हणून माझे उत्तर दोन्ही पर्यायांना नकार असे आहे. हौस करूच नये असे मी म्हणत नाही. 28 व्या वर्षी मीही पगाराच्या मानाने महागडी मोटारसायकल घेतली होती आणि तिचा पश्चात्ताप मला अजून झालेला नाही. पुढचे तीन महिने दरमहा 10,000 रुपये एफडीला जोडा. त्यानंतर 3,000 रुपयांची वेगळी आवर्ती ठेव केवळ गाडीसाठी सुरू करा. वर्षभरात 36,000 आणि वर थोडे व्याज जमेल, म्हणजे कोटेशनमधल्या रिमचीच किंमत. त्यात त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी देते त्या मापाच्या रिम घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा आणि कॅम्बर कंपनीच्या मर्यादेतच ठेवा. मित्रांच्या गाड्यांशेजारी ती उंच दिसेल, हे मला मान्य आहे.

इतके वाचूनही आपण ते काम करणारच असाल, तर निदान कोटेशनच्या शेवटची ओळ आधी खोडून घ्या. जुने स्प्रिंग आणि शॉकर 6,000 रुपयांना दुकानदाराला देऊ नका, ते घरी आणून ठेवा. आरटीओने गाडी पूर्ववत करायला सांगितली किंवा गाडी विकायची वेळ आली, तर तोच संच नवा घेताना 6,000 रुपयांत नक्कीच मिळणार नाही.