दरडप्रवण गावांच्या यादीत आमच्या वाडीचं नाव नाही, मग निर्धास्त राहायला हरकत नाही ना?

हरकत आहे. यादीत नाव नाही म्हणजे तुमचा डोंगर कुणी तपासून पास केलाय असं नाही. इर्शाळवाडी पण यादीत नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं बेपत्ता राहिली. त्यामुळे यादीचं मला कुणी सांगू नका.

चिडून लिहितोय कारण आमच्या घरात हाच वाद वर्षानुवर्षं चाललाय. आमची वाडीही डोंगराच्या कुशीत. चुलत्यांना मागे खोली वाढवायची होती म्हणून त्यांनी जेसीबी लावून डोंगराचा पायथा उभा तासला. मी म्हटलं अण्णा, निदान भिंत तरी बांधून घ्या. तर म्हणाले, "शंभर वर्षांत इथं खडा पडला नाही, आणि यादीत पण नाव नाही आपलं." आजी तिथंच बसली होती, ती म्हणाली पडला नाही कसा, मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा वरचा उतार खाली येऊन गुरं गाडली गेली होती की. अण्णांनी तिला गप्प केलं. माझं स्पष्ट मत आहे, वाडीत पूर्वी काय काय झालं ते म्हाताऱ्या बायकांना आणि गुराख्यांना विचारावं, ज्याला जागा विकायचीय किंवा बांधायचीय त्याला विचारूच नये.

पुढच्या जुलैत पाऊस दिवसरात्र थांबेना. वरच्या रानात लांब भेग पडली, मागच्या झऱ्याचं पाणी एकदम लाल गढूळ यायला लागलं, मागचं दार चौकटीत अडकायला लागलं. ही लक्षणं लक्षात ठेवा, शिवाय कलायला लागलेली झाडं आणि विजेचे खांब, कधी नव्हता तिथं फुटलेला झरा. काकू कुणाला न विचारता पोरं घेऊन शाळेत झोपायला गेली, मग अण्णाही नाइलाजाने गेले. पहाटे मागची भिंत आत आली, खोली मातीने भरली. तरी अण्णांचं आजही तेच, "दरड नव्हे ती, नुसती माती आली." अहो ३० जुलै २०१४ ला माळीणवर पण चिखलमातीच आली होती, दीडशेच्या आसपास माणसं गेली, एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसेना तेव्हा बाहेर कळलं. आपल्याकडे कातळावर मुरूम-मातीचा थर असतो, तो पाणी पिऊन जड होतो आणि पायथाच तासला असेल तर त्याला अडवणार कोण? आज्या-पणज्याच्या काळात जेसीबी नव्हता, तेव्हा शंभर वर्षांचा तो हिशोब आता धरायचा नाही.

तुम्ही ग्रामपंचायतीचा ठराव करून तहसीलदारांकडे भूवैज्ञानिक पाहणीसाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वरच्या अंगाला पाणी साचून मुरेल असं काही करू नका. सलग मोठा पाऊस लागला की घर सोडा, फक्त रात्रीपुरतं नाही, तळियेवर २२ जुलै २०२१ ला दरड आली ती उजेडातच.

मी काही तज्ज्ञ नाही, आणि प्रत्येक भेग म्हणजे दरड नसते, काळी माती उन्हाळ्यात भेगाळतेच, सपाटीवरच्यांनी उगाच घाबरू नये. अण्णांचा मुलगा हे वाचत असेल तर त्याला सांगतो, त्याच जागी परत खोली काढायचं चाललंय ते थांबव, आधी पाहणीचा कागद आण.