काळ्या पडद्यावर मुलगी नेमकं काय करते?

प्रश्न : मी बार्शी तालुक्यात शिक्षक आहे. मुलगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला, विषय समाजशास्त्र. गेले दोन महिने रात्री लॅपटॉपवर काळा पडदा उघडून बसते, त्यावर अक्षरं सरकत असतात. विचारलं तर म्हणते, 'सोयाबीनच्या भावावरच्या यूट्यूब व्हिडिओंखालच्या कॉमेंट गोळा करतेय, मिनेट नावाच्या टूलने.' परवा मी न विचारता लॅपटॉप मिटला, तर दोन दिवस अबोला. हे हॅकिंग तर नव्हे? पोलिसांचं काही लचांड मागे लागायचं नाही ना? यात पुढे काही आहे, की सरळ बी. एड.ला घालू?

उत्तर : नमस्कार सर,

हॅकिंग नव्हे, निर्धास्त राहा. मिनेट हे पॅरिसच्या सियाँस पो या संस्थेतल्या मेदियालॅबने संशोधकांसाठी बनवलेलं फुकट टूल आहे. बटणं नाहीत, त्या काळ्या पडद्यावर सगळं टाइप करायचं. तुमची मुलगी जी ओळ टाइप करते तिचा मराठीत अर्थ असा : 'मिनेट, यूट्यूबच्या कॉमेंट आण, हा व्हिडिओ, ही माझी किल्ली, आणि सगळं या फाइलमध्ये ओत.' ती फाइल एक्सेलमध्ये उघडते, एका ओळीत एक कॉमेंट, शेजारी तारीख आणि लाइक. किल्ली म्हणजे गूगलनेच दिलेली परवानगी. तिला रोजचं रेशन असतं, १०,००० युनिट. कॉमेंट मागायला एक युनिट लागतं आणि त्यात शंभरापर्यंत कॉमेंट येतात. पण व्हिडिओ शोधायला एकेका वेळी १०० युनिट जातात. रेशन कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री नव्याने मिळतं, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीडला. मुलगी दुपारच्या जेवणावरून घाईने उठत असेल तर कारण हे असू शकतं.

पोलिसांबद्दल. माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. तरी कुंपण आहेच : किल्ली लावून मिळतं तेवढंच घ्यायचं, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये किंवा खासगी खात्यात शिरायचं नाही. मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. कर्जाबद्दल पोटतिडकीने लिहिलेली एखाद्या शेतकऱ्याची कॉमेंट तिने प्रबंधात जशीच्या तशी छापली, तर नाव खोडूनही ते वाक्य शोधून कुणीही त्याच्यापर्यंत पोचेल. तेव्हा मजकूर आपल्या शब्दांत सांगायचा. हे तिला कुणी शिकवलंय का, एवढं विचारा.

आता करिअर. नुसतं टूल येणं म्हणजे करिअर नाही, ते पंधरा दिवसांत येतं. आणि ही टुलं मरतात. अमेरिकेत २०१४ साली फर्ग्युसनला पोलिसांच्या गोळीने एक कृष्णवर्णीय तरुण गेला, तेव्हा लोकांनी लिहिलेली एक कोटीहून जास्त ट्विटं ट्वार्क या अशाच टूलने जपली गेली. २०२१मध्ये ट्विटरने संशोधकांना महिन्याला एक कोटी ट्विटं फुकट द्यायला सुरुवात केली. २०२३मध्ये ते दार बंद झालं, ट्वार्कवर उभे असलेले प्रबंध अधांतरी लटकले. फेसबुकवरच्या जाहीर पोस्ट गोळा करून देणारं, फेसबुकचंच क्राउडटँगल ऑगस्ट २०२४मध्ये गेलं. उद्या मिनेटवरही हीच वेळ येऊ शकते.

तुमच्या मुलीकडे टूलपलीकडचं एक भांडवल आहे, ते मात्र टिकणारं. ती बार्शीची आहे. लोक 'सोयाबीन', 'सोयाबिन', 'सोयबीन' असं तिन्ही तऱ्हांनी लिहितात, निम्मे तर रोमन अक्षरांत, आणि 'वा, काय भाव दिलाय' हे कौतुक नसून शिवी आहे, हे तिला कळतं. मशीनला हे कुणीतरी माणसाने शिकवावं लागतं. पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२१मध्ये सुमारे १६,००० मराठी ट्विटं एकेक करून होकारार्थी, नकारार्थी, तटस्थ अशी लावून सगळ्यांसाठी खुली केली. मराठीत असं काम अजून फार थोडं झालंय. ही माणसं लागतात कुठे? खोट्या बातम्या तपासणाऱ्या संस्था, निवडणुकीचा अभ्यास करणारी केंद्रं, भाषेवर काम करणाऱ्या कंपन्या. पगार सुरुवातीला बेताचे आणि कामं बरीचशी कंत्राटी, हे लपवत नाही.

म्हणून बी. एड.ला आत्ता घालू नका. आधी एम. ए. करू द्या. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेने प्रवेश होतो, परीक्षा साधारण मार्चमध्ये असते. सोबत थोडं पायथन, म्हणजे प्रोग्रामिंगची भाषा, आणि भरपूर संख्याशास्त्र. यातलं संख्याशास्त्र टाळलं जातं, आणि मुलाखतीत तिथेच पाय घसरतो. एम. ए.नंतर सेट-नेट आहे, बी. एड.चं दारही कुठे जात नाही. ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

आणि अबोला गेला नसेल तर एक सांगतो. माहिती उतरत असताना झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, काम मध्येच तुटतं आणि तोवर खर्च झालेलं रेशन वाया जाऊ शकतं. यापुढे मिटण्याआधी तिला हाक मारा.