आठवीच्या मुलीसाठी पहिली प्रोग्रामिंग भाषा कोणती?

प्रश्न : माझी मुलगी मराठी माध्यमात, राज्य मंडळाच्या शाळेत आठवीत आहे. शाळेत स्क्रॅच (ठोकळे जोडून प्रोग्राम करायची भाषा) झालंय, आता तिला ‘खरं कोडिंग’ शिकायचंय. जवळचा क्लासवाला म्हणतो, जावा घ्या, नोकऱ्या त्यातच आहेत. इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या म्हणतो, सी भाषेशिवाय पाया पक्का होत नाही. तिचं इंग्रजी बेताचं आहे. मॅडम, काय करू?
— एक पालक, लालबाग

उत्तर : दोन्ही नको, पायथॉन ही भाषा घ्या. ती नोकरीला लागेल तेव्हा बाजारात काय चालत असेल, हे आज कुणीच सांगू शकत नाही. आणि स्क्रॅचही खरंच कोडिंग होतं, हे तिला आवर्जून सांगा.

माझी कसोटी एकच आहे : मुलाला आपण लिहिलेली प्रत्येक ओळ समजावून सांगता आली पाहिजे. क्लासमध्ये शिकवतात त्या जावात नुसतं स्वतःचं नाव छापायचं तरी आधी पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड लिहावं लागतं. सर म्हणतात, ‘हे सध्या असंच लिहा.’ झालं, मूल पाठांतराला लागलं! आयसीएसईची शाळा असती तर गोष्ट वेगळी. तिथे नववी-दहावीच्या कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्सला जावाच आहे. सीबीएसईला अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्सला पायथॉन आहे. सी चांगलीच भाषा आहे, पण पॉइंटर (मेमरीतले पत्ते) आणि मेमरीशी झटापट पुढे करू दे.

इंग्रजीची धास्ती नको. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलला, म्हणजे माहिती साठवायच्या डब्याला, देवनागरी नाव देता येतं. माझ्या वर्गात मुलं ‘स्थानके’ नावाची यादी करतात : चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी, दादर. यादीत दादर कुठे आहे विचारलं की उत्तर येतं ८. बोटांवर मोजा, दादर नववं! वर्गात गलका होतो. पायथॉन यादी शून्यापासून मोजतं, हे सांगायच्या आतच एक मुलगी म्हणाली, ‘बरोबर आहे की मॅडम, चर्चगेटला चढलं की आठवं स्टेशन दादर.’ यासाठीच मी पायथॉन सांगते.

दुसरा प्रयोग घरीच करा. इनपुटने (कीबोर्डवरून माहिती घ्यायची आज्ञा) दोन विषयांचे गुण घ्यायला सांगा, ४२ आणि ३८, आणि बेरीज छापायला सांगा. ८० ऐवजी ४२३८ येईल, कारण इनपुटमधून आलेलं सगळं पायथॉन मजकूर समजतं. आकडे आधी ‘इंट’मध्ये, म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या आज्ञेत, घालावे लागतात. उत्तर लगेच सांगू नका. तिला शोधू द्या.

मोबाइलवर मात्र सुरुवात नको, टाइप करतानाच जीव मेटाकुटीला येतो. जुना लॅपटॉप पुरतो. पायथॉन फुकट आहे, विंडोजवर त्याच्यासोबतच आयडल हा प्रोग्राम लिहायचा एडिटर येतो आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही.

क्लास लावायचाच असेल तर आधी तासभर मागच्या बाकावर बसून बघा. मुलं फळ्यावरचा प्रोग्राम वहीत उतरवून घेत असतील, तर फी भरू नका.