आयव्ही की क्वीन्स? सईला उत्तर

सई,

कॅनडातल्या वेस्टर्न विद्यापीठाकडून त्यांच्या आयव्ही बिझनेस स्कूलचा एईओ (आयव्हीत आधीच राखून ठेवलेली जागा) आणि क्वीन्स विद्यापीठाच्या कॉमर्सची ऑफर, दोन्ही एकाच वर्षी मिळणं साधी गोष्ट नाही. मनापासून अभिनंदन! बाबांचं म्हणणं, ज्याचं नाव मोठं तिथे जा. मी स्वतः आयव्हीचा, नोकरी टोरांटोच्या बँकेत, तरी सांगतो की नावाच्या बाबतीत दोन्ही तोलामोलाची आहेत. बे स्ट्रीटवरच्या (टोरांटोचा आर्थिक व्यवहारांचा भाग) बँका आणि कन्सल्टिंग कंपन्या दोन्हीकडून मुलं घेतात.

फरक आहे तो पहिल्या दोन वर्षांत. क्वीन्सला तू पहिल्या दिवसापासून कॉमर्सची विद्यार्थिनी. अकाउंटिंग, फायनान्स, मार्केटिंग, सलग चार वर्षं, बरंचसं काम ग्रुपमध्ये. तिसऱ्या वर्षी बहुतेक मुलं एक सेमिस्टर परदेशी विद्यापीठात जाऊन येतात. आयव्हीचा एचबीए, म्हणजे बिझनेसचा पदवी अभ्यासक्रम, मात्र तिसऱ्या वर्षी सुरू होतो. आधीची दोन वर्षं वेस्टर्नमध्ये गणित, अर्थशास्त्र, जे आवडेल ते शिकायचं. एईओची जागा राखलेली असते, पण अटींवर: पूर्ण विषय घ्यायचे, बिझनेसचे ठरलेले कोर्स करायचे, वर्गाबाहेरही काही करून दाखवायचं आणि सरासरी ८०% टिकवायची.

बारावीला ९४ टक्के आहेत, मग ८० चं काय एवढं, असं तू लिहिलंयस. आपल्याकडचे ८० आणि इथले ८० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या वर्षाच्या कित्येक कोर्समध्ये अख्ख्या वर्गाची सरासरी सत्तरीच्या आसपास असते. त्यातच नवा देश, पहिला हिवाळा आणि स्वतःचा स्वयंपाक.

आयव्हीचे वर्ग मला फार आवडले. अर्धगोलात बाकं, प्रत्येकापुढे नावाची पाटी. रात्री वाचलेल्या केसवर (एखाद्या कंपनीपुढच्या प्रश्नाची हकीकत) सकाळी प्राध्यापक थेट तुझ्याकडे वळून विचारणार, 'या मॅनेजरच्या जागी तू काय केलं असतंस?' बोलण्याला मार्क असतात, तेही भरपूर. ग्रुपला एखादी केस देऊन ४८ तासांत रिपोर्ट मागतात. तो शनिवार-रविवार त्यातच जातो. चारचौघांत बोलायला आवडणाऱ्याला ही पर्वणीच.

तरीही तुला मी क्वीन्स सुचवेन. आयव्ही हुकली तर वेस्टर्नची अर्थशास्त्राची पदवी घेऊन तू समाधानी असशील का? असशील, तर बिनधास्त लंडनला ये (वेस्टर्न आहे ते कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं लंडन, आजीला नीट समजावून सांग). पण फायनान्सशिवाय दुसरं काही करायचंच नाही असं तू म्हणतेस, आणि बाबा फ्लॅटवर कर्ज काढणार आहेत. अशा वेळी दोन वर्षं टांगती तलवार कशाला घ्यायची?

पैशाचा अंदाज चारही वर्षांचा मिळून कर. क्वीन्सची जास्त फी पहिल्या वर्षापासूनच लागते, तर आयव्हीत ती तिसऱ्या वर्षी एकदम उडी मारते. त्यामुळे फक्त पहिलं वर्ष पाहिलं तर वेस्टर्न उगाच स्वस्त वाटतं. स्टडी परमिटसाठी फी आणि प्रवासखर्च सोडून राहण्याखाण्याचे २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. सेमिस्टर चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येतं. त्यातून किराणा निघेल, फी नाही.

ऑफर स्वीकारायची मुदत आजच बघ. ती स्वीकारून डिपॉझिट भरल्यावर विद्यापीठामार्फत प्रांताचं पत्र, म्हणजे पीएएल, मिळतं आणि त्यानंतरच परमिटचा अर्ज करता येतो. बाबांना रविवारी सकाळी फोन करायला सांग, मी आणि ते फीचा हिशेब एकत्र मांडू.