नाशिकला लढाऊ विमानांचं नक्की काय आहे?

प्रश्न असा होता: नाशिक म्हटलं की द्राक्षं, गोदावरी आणि कुंभमेळा आठवतो. पण तिथे लढाऊ विमानांचंही काहीतरी आहे असं सारखं कानावर येतं. नाशिकला हवाई दलाचा तळ आहे का?

आहे, पण तुमच्या डोळ्यांसमोर येतो तसला नाही. पुण्याला लोहगावात सुखोई विमानांची स्क्वाड्रन असते, तसा प्रकार इथे नाही. नाशिकला विमानं जन्माला येतात आणि काही वर्षं उडून झाली की पुन्हा खोलून ठाकठीक करून घ्यायला येतात. सासर म्हणाल तर हलवारा, जोधपूर, तेजपूर असे हवाई दलाचे तळ. माहेर नाशिकजवळचं ओझर.

मी ओझरच्या टाउनशिपमध्ये वाढलो. वडील तिथल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एचएएलच्या कारखान्यात फिटर होते. आमच्याकडे ‘एचएएल’ मात्र कुणी फारसं म्हणत नाही. म्हणतात ‘मिग’. ‘पोरगं मिगमध्ये लागलं’, ‘मिगवाले पुढे या’ (हा एसटीचा कंडक्टर). विमानाच्या नावाने ओळखला जाणारा बसथांबा दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही.

याचं मूळ १९६२ मध्ये आहे. चीनबरोबरचं युद्ध आपल्याला जड गेलं, कृष्ण मेनन यांना संरक्षण मंत्रिपद सोडावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना मुंबईहून दिल्लीला बोलावून घेतलं. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला म्हणतात, ते तेव्हाचं. लोकसभेत जायला त्यांना मतदारसंघ हवा होता. १९६३ मध्ये ते पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून आले ते नाशिकमधून. सोव्हिएत रशियाशी मिग-२१ चा करार झालेलाच होता. काम तीन ठिकाणी वाटलं गेलं: इंजिनं ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व जुळणी नाशिकजवळ ओझरला. १९६४ मध्ये कारखाना उभा राहू लागला. जुनी मंडळी अजूनही ‘यशवंतरावांनी मिग आणलं’ असंच सांगतात. निफाड तालुक्यातल्या कितीतरी शेतकरी घरांत पहिला पगार आला तो या कारखान्यातून.

आधी मिग-२१ ची एकामागून एक मॉडेल्स, मग मिग-२७, मग सुखोई-३०. हवाई दलाच्या २७२ सुखोईंपैकी २२२ एचएएलने बांधली, आणि त्यांची जुळणी ओझरची. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ ची ऑर्डर मिळाली.

हवाई दलाचं म्हणाल, तर कारखान्याला लागूनच त्यांचा ११ बेस रिपेअर डेपो आहे. मिग-२९ आणि सुखोई तिथे पार सुटे करतात, एकेक भाग तपासतात आणि परत जोडतात. पहिली ओव्हरहॉल केलेली सुखोई तिथून २०१८ मध्ये बाहेर पडली. हा डेपो नागपूरच्या मेंटेनन्स कमांडखाली येतो. नाशिकरोडकडे गांधीनगरच्या धावपट्टीवरून दिवसभर घिरट्या घालणारी चेतक-चीता हेलिकॉप्टरं मात्र हवाई दलाची नव्हेत, लष्कराची. त्यांच्या वैमानिकांची प्रशिक्षण शाळा तिथे आहे. नाशिककरसुद्धा यात गल्लत करतात.

आता घरातलं एक सांगतो, म्हणजे तिथलं काम कसं असतं ते कळेल. वडील घरी मिक्सर दुरुस्त करायला बसले की आधी जमिनीवर जुना टॉवेल अंथरायचे आणि त्यावर हत्यारं ओळीने मांडायचे. काम झालं की मिक्सर सुरू करण्याआधी ती मोजायचे. आई वैतागायची, चटणी वाटायची राहिलेली असायची. पण विमानाच्या पोटात एक पाना, एक स्क्रू जरी विसरला तरी तो हवेत कुठेतरी जाऊन अडकतो, त्यामुळे हिशेब लागल्याशिवाय झाकण लावायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. परवा नळ दुरुस्त केला, तेव्हाही मोजली.

धोका नसतो असं नाही. बांधलेलं किंवा दुरुस्त केलेलं विमान चाचणीसाठी इथूनच उडतं. ४ जून २०२४ ला असंच एक सुखोई निफाड तालुक्यातल्या शिरसगावच्या शिवारात कोसळलं. दोन्ही वैमानिक वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले.

आणि सुखोईवर थांबलेलं नाही. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला तेजस मार्क-१ए ची नवी जुळणी लाइन सुरू झाली आणि इथे तयार झालेलं पहिलं तेजस त्याच दिवशी उडालं. तीनच आठवड्यांपूर्वी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला होता. वडील सकाळपासून गच्चीत खुर्ची टाकून बसले होते. तेजस गेलं तेव्हा म्हणाले, “आवाज पातळ आहे याचा.” मिगचा आवाज जाड होता हे खरं, आमच्या शाळेत तो जाईपर्यंत बाई खडू धरून गप्प उभ्या राहायच्या.

बघायला यायचं असेल तर कारखान्यात असंच कुणाला सोडत नाहीत आणि कुंपणापाशी फोटो काढायच्या भानगडीत पडू नका. मुंबई-आग्रा महामार्गावर नाशिकपासून साधारण २० किलोमीटरवर थांबा, दुपारी नशीब असेल तर एखादं विमान डोक्यावरून जाईल. फक्त मॅपवर नुसतं ‘ओझर’ टाकू नका, जुन्नरजवळ विघ्नहराच्या दारात पोहोचाल. आमच्या लग्नात दोन पाहुणे पोहोचले होते.