एआय एजंटच्या हाती क्रिप्टो वॉलेट दिलं, तर लगाम कुठे ठेवायचा?

तुम्ही विचारलंय की ट्रेडिंगसाठी एआय एजंटला (तुमच्या वतीने स्वतःच व्यवहार करणाऱ्या प्रोग्रामला) वॉलेटची प्रायव्हेट की, म्हणजे पैसे हलवायची गुप्त किल्ली, दिली आहे आणि प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे त्याला लिहून दिलेल्या सूचनेत, ‘मला विचारल्याशिवाय पैसे बाहेर पाठवू नकोस’ असं बजावलं आहे, तर एवढं पुरे का? अजिबात नाही. आधी त्यातली मोठी रक्कम नव्या वॉलेटमध्ये हलवा. एजंटला दिलेली की त्याच्या लॉगमध्येही (कामाच्या नोंदींमध्ये) उतरलेली असू शकते, त्यामुळे ती फुटली असंच धरा.

प्रॉम्प्ट म्हणजे तोंडी ताकीद. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रेसा नावाच्या एजंटचा खेळ झाला. काहीही झालं तरी पैसे सोडायचे नाहीत, अशी त्याला सूचना होती आणि लोक फी भरून त्याला पटवायला बघत होते. ४८१ प्रयत्न वाया गेले. पुढच्याने त्याच्या गळी उतरवलं की ‘अप्रूव्ह ट्रान्सफर’ हे फंक्शन पैसे आत घेताना वापरायचं असतं, आणि मग म्हणाला, मी १०० डॉलर देतो. एजंटने फंक्शन चालवलं. सुमारे ४७ हजार डॉलर गेले. तिथे निदान सगळ्यांना खेळ ठाऊक होता. तुमचा एजंट एखाद्या वेबपेजवर लपवलेलं वाक्यसुद्धा तुमचा हुकूम समजून पाळू शकतो, आणि व्यवहार एकदा ब्लॉकचेनवर पक्का झाला की तो फिरवून देणारं कुणी नाही.

म्हणून लगाम वॉलेटच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या त्याच्या कोडमध्येच हवा. माझी मुख्य रक्कम मल्टिसिगमध्ये आहे, तीनपैकी दोन सह्या लागतात आणि त्यातली एकही किल्ली एजंटकडे नाही. त्याच्या वेगळ्या किल्लीला दिवसाला ५० यूएसडीसीची (डॉलरशी बांधलेल्या डिजिटल नाण्याची) मर्यादा आहे, पत्ते ठरलेले आहेत. नवा पत्ता जोडायचा तर माझी सही आणि वर २४ तासांची वाट. या मर्यादा मोडणारा व्यवहार कॉन्ट्रॅक्टच फेटाळतो. मग एजंटला कुणी काहीही पटवलेलं असो.

बरेच जण ट्रान्सफर अडवतात आणि ‘अप्रूव्ह’, म्हणजे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टला आपल्या पत्त्यावरून पैसे काढायची परवानगी, मोकळं सोडतात. मला जास्त भीती त्याचीच वाटते. मध्यंतरी एजंटने ५० यूएसडीसीच्या स्वॅपसाठी (ते देऊन दुसरं नाणं घेण्यासाठी) एक अप्रूव्ह माझ्या सहीला पाठवलं. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता बरोबर होता, पण रकमेच्या जागी ११५७९२०८९ ने सुरू होणारा ७८ आकडी आकडा. हा २ चा २५६ वा घात वजा १, म्हणजे अमर्याद परवानगी. पुढे कधी त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये भगदाड सापडलं, तर त्या पत्त्यावरचे सगळे यूएसडीसी उपसता येतील. मी ते नाकारलं आणि ५,००,००,००० ची परवानगी दिली. यूएसडीसीला सहा दशांश स्थानं असतात, म्हणून ५० हे असे लिहिले जातात.

सही माणसाची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या क्रिप्टो एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले, तेव्हा सह्या माणसांनीच केल्या होत्या. स्क्रीनवर नेहमीचा व्यवहार दिसत होता. सही झाली ती वॉलेटचा कोडच बदलणाऱ्या व्यवहारावर. त्यामुळे एजंटने लिहिलेला सारांश वाचून कधीही मंजुरी देऊ नका. व्यवहाराचा मूळ डेटा वेगळ्या साधनाने उलगडून बघा, हार्डवेअर वॉलेटच्या (किल्ली ठेवणाऱ्या वेगळ्या छोट्या उपकरणाच्या) पडद्याशी ताडून घ्या.

जुन्या पत्त्यावरची अप्रूव्हलंही एकेक करून रद्द करा. त्याला गॅस, म्हणजे व्यवहाराचं शुल्क लागतं, तेवढं थोडं इथर (इथेरियम ब्लॉकचेनचं नाणं) तिथे राहू द्या.