जिप्सीचा पेट्रोल पंप बदलण्याआधी

नागपूरच्या मे महिन्यात उमरेड रस्त्यावर तुमची जिप्सी भर दुपारी बंद पडते आणि तासाभराने निमूटपणे सुरू होते, एवढ्यावरून टाकीतले पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप निकामी झाला असा निष्कर्ष काढू नये. (जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पंप यांत्रिक असतो; हा सल्ला एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, विजेच्या पंपाच्या गाडीसाठी आहे.)

चावी फिरवताच टाकीकडून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. ती आली नाही, तर आधी फ्यूज व रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा विद्युत स्विच) पाहावा. मात्र रिले ‘टिक’ वाजला म्हणजे वीज पुढे गेली असे समजू नये, कारण आतले पॉइंट जळलेले असू शकतात.

नवशिके फसतात ते मोजणीत. पंपाचे सॉकेट काढून मल्टिमीटर लावला, तर आतल्या एकाच बारीक तारेवर तग धरून असलेली कुजकी वायरही 12 व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ विद्युतप्रवाह ओढतच नाही. म्हणून पंप जोडलेला व चालू असताना, मीटरची एक पिन बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी पंपाच्या धन वायरला लावून फरक मोजावा. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास त्या मार्गातला एखादा जोड खराब आहे. ऋण बाजूही अशीच मोजावी. चिखलपाण्यात फिरलेल्या गाडीत मला तरी दोष बहुतेक वेळा अर्थिंगच्या (ऋण वायर गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या) गंजलेल्या बोल्टखालीच सापडला आहे.

फ्यूज वारंवार उडत असल्यास मोठ्या अँपियरचा फ्यूज कदापि बसवू नये, आणि टाकीजवळ ठिणगी पाडून वीज तपासण्याची गॅरेजी सवय तर मुळीच लावून घेऊ नये.